लाल गोल

४ मार्च

आज उजवा फ्लोट साच्यातून निघाला. दिसायला देखणा आहे, वाजायला नाही.

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी माझ्यावर ढकलायला नको. मी तीन अंगांच्या शिडाच्या बोटी आखतो आणि बांधतो. ट्रायमरान. मध्ये लांबट मुख्य बोट, तिच्यावरून आडवे गेलेले दोन बीम आणि बीमच्या टोकांना डावीउजवीकडे एकेक फ्लोट. साध्या बोटीच्या पोटाशी शिसं असतं, ती कलंडली तरी आपली आपण उठते. माझी बोट रुंदीवर उभी राहते. हलकी असते म्हणून पळते, पण फ्लोट शाबूत आहेत तोवरच. फ्लोटची भिंत उसवली आणि पाणी शिरलं की ती उलटते, आणि उलटलेली ट्रायमरान पुन्हा सरळ होत नाही. ही बोट घेऊन डॉक्टरीणबाई एकट्या समुद्र ओलांडणार आहेत. आयुष्यभर लोकांचे दात उपटले, आता वारा खायचाय म्हणतात.

फ्लोटची भिंत म्हणजे मध्ये फोम आणि आतबाहेर कापड-रेझिनचं पातळ कवच. कवच फोमला एखाद्या जागी चिकटलं नसेल तर डोळ्यांना काही दिसत नाही. ते फक्त ऐकू येतं. त्यासाठी नाणं घ्यायचं आणि वीत-वीत सरकत ठोकत जायचं. चिकटलेली जागा खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. बद्द जागेभोवती मी लाल मेणपेन्सिलीने गोल काढतो आणि गोल काढला की तेवढी जागा उघडून पुन्हा करायची, हा इथला कायदा. माझ्या खिशातलं नाणं केव्हाच चलनातून गेलंय, पण या कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही. आणि कानांचं म्हणाल तर लोक माझ्या बोटी माझ्या आखणीपेक्षा माझ्या कानांच्या भरवशावर घेतात. बढाई नाही, खरं तेच लिहितोय.

मागच्या बोटीवर मला एकही गोल काढावा लागला नव्हता. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. आज या एका फ्लोटवर गोल काढता काढता पेन्सिल झिजली. रेझिनचं सगळं काम चिकटरावाकडे असतं. त्याचं खरं नाव आता त्यालाच आठवत असेल तर असेल. हाताला कायम रेझिन आणि कामाला बसला की उठवल्याशिवाय उठत नाही, म्हणून चिकटराव. त्याला गोल दाखवले. तो गोलांकडे बघत राहिला, मग माझ्या लेकीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. ही नजर मी लक्षात ठेवलीय.

७ मार्च

नवी किटली बिघडलेली निघाली. पाणी उकळून आटत आलं तरी शिट्टी नाही. दुकानदाराने बरोबर ओळखून माझ्या गळ्यात मारली. हिला म्हटलं, परत कर. ही म्हणाली, राहू दे, मी लक्ष ठेवते. हल्ली सगळ्यालाच राहू दे. पूर्वी स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत असायची, तेही सोडून दिलंय. बायको गप्प झाली की घरात काहीतरी शिजत असतं.

कारखान्यातही तेच. लेक दोन वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून इथे आली. संगणकावर आखणी करते, हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण आज शेडमध्ये शिरलो तर ती आणि चिकटराव डोकी जवळ आणून कुजबुजत होते. मला बघताच दोघं गप्प. काय चाललंय विचारलं तर लेक तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. मोठ्या कंपनीत असंच बोलायला शिकवतात वाटतं. शब्द अर्धे गिळायचे, म्हणजे उद्या अंगाशी येत नाहीत.

डॉक्टरीणबाईंचाही फोन तिलाच येतो. मला म्हणे त्यांनी बरेचदा लावला, मी उचलला नाही. माझा फोन समोर टेबलावर होता. वाजला असता तर उचलला नसता का?

१२ मार्च

आज डाव्या फ्लोटचं रेझिन ओतायचं होतं. साच्यात कोरडं कापड आणि फोम रचून वरून प्लास्टिकची पिशवी चिकटवतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. मग त्या ओढीवर रेझिन आत पसरतं. पिशवीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा शिरते, आणि हवा शिरली तिथे कवच चिकटत नाही. म्हणून रेझिन सोडण्याआधी पंप बंद करून गेजकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर पिशवी घट्ट.

काटा हलला. हळू, पण हलला. असं झालं की भोक मी शोधायचं, हे ठरलेलं. भोकाशी हवा बारीक शीळ घालते. मी सगळ्यांना गप्प उभं केलं आणि कान लावून पिशवीच्या कडेने पूर्ण फेरी मारली, मग उलटी फेरी मारली. काही नाही. पिशवी घट्ट होती. मी म्हटलं, गेज बिघडलंय, सोडा रेझिन.

चिकटरावाने रेझिनच्या नळीचा चिमटा काढला नाही. उभा राहिला. तेवढ्यात लेक सरळ चालत मागच्या टोकाला गेली, वाकली आणि चिकटपट्टी एका जागी अंगठ्याने दाबली. काटा थांबला.

सगळे खूश झाले. मी नाही झालो. मी दोन फेऱ्या मारल्या, मला सापडलं नाही आणि हिला न शोधता सापडतं? जिथे भोक आहे तिथे माणूस सरळ चालत कधी जातो? ते भोक आधीपासून माहीत असेल तेव्हा. पोटच्या पोरीवर असा आरोप तोंडाने करवत नाही, पण इथे लिहितो. मला चिकटरावासमोर खाली बघायला लावायचं होतं तिला.

१३ मार्च

शेडच्या पत्र्याखाली चिमण्यांची घरटी होती, सकाळी कलकलाट असायचा. आज लक्षात आलं, कित्येक दिवसांत चिमणी ऐकली नाही. रेझिनचा काहीतरी स्वस्त माल येतोय, त्याच्या वासाने गेल्या असणार. मालाची तक्रार करायला हवी.

१८ मार्च

डावा फ्लोट ठोकून पाहिला. अख्खाच बद्द. टोकापासून टोकापर्यंत एक जागा खणखणीत वाजेल तर शपथ. गोल तरी किती काढणार? मी एकच मोठा फरकाटा मारला आणि बाजूला झालो.

मग उजव्याकडे गेलो आणि तिथेच थबकलो. माझे गोल गायब. टोकाकडचे चार-दोन शिल्लक होते, बाकी कोणीतरी थिनरने पुसून काढले होते, स्वच्छ, खूणही राहू दिली नव्हती. उलट जिथे मी गोल काढलाच नव्हता, पुढचा बीम फ्लोटमध्ये बसतो त्या खोबणीजवळ, निळ्या खडूची बारीक फुली. मी ती जागा ठोकली. इतर जागांसारखीच.

इतक्या वर्षांत माझा गोल पुसायची हिंमत कोणी केली नव्हती. गोल पुसला म्हणजे दोष झाकला. दोष झाकला म्हणजे एका बाईची बोट भर समुद्रात उलटणार आणि बोटीवर नाव माझं असणार. कोणाला विचारलं नाही. विचारलं की सावध होतात. मी शांतपणे पुन्हा गोल काढले आणि नेहमीसारखा जेवायला गेलो.

२० मार्च

पकडले.

जेवणाच्या सुट्टीत घरी जातो म्हणून निघालो आणि आखणीच्या खोलीत येऊन बसलो. तिथल्या खिडकीतून खालची शेड पूर्ण दिसते. थोड्याच वेळात लेक आली, मागोमाग चिकटराव. लेकीच्या हातात नाणं होतं. ती उजवा फ्लोट ठोकू लागली, मी जसा ठोकतो अगदी तसाच, वीत-वीत. चिकटराव शेजारी थिनरचं फडकं घेऊन उभा. ती मान हलवायची आणि तो माझा गोल पुसायचा. किती सराईत होते दोघं. हे काम पहिल्यांदा करणारे असे चालत नाहीत.

माझ्याच लेकीला मी ठोकायला शिकवलं. दाराशी खिळ्याला एक तक्ता टांगलेला असतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. मी मुद्दाम बनवलेला. अर्धा भाग व्यवस्थित चिकटवलेला आणि अर्ध्यात हाताच्या पंजाएवढी जागा, जिथे फोम आणि कवचाच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालून ते चिकटूच दिलं नाही. वरून काही कळत नाही. इथे जो कामाला लागतो तो आधी मास्तरकडे शिकतो. लेक पाच-सहा वर्षांची असताना टेबलावर मांडी घालून बसायची, डोळे मिटायची आणि मी ठोकलं की सांगायची, चांगलं, चांगलं, खोटं. कधी चुकली नाही. तिला दोष ओळखता येत नाही असं मला कोणी सांगू नये. म्हणजे हे अज्ञान नाही, ठरवून चाललंय.

कशासाठी, ते कळत नाही. बोट वेळेत द्यायची घाई असेल. किंवा बोट बुडून माझं नाव बुडावं आणि मग तिने नव्या नावाने सुरुवात करावी. दुसरं काही सुचत नाही.

२३ मार्च

ही म्हणते, आपण दोघं एकदा सगळं तपासून घेऊ या. लेकीने डॉक्टरांची वेळसुद्धा घेतलीय. मी म्हटलं, मला काय झालंय? साखर ठीक, रक्तदाब ठीक, जिना धापा न टाकता चढतो. ही म्हणाली, "सगळं म्हणजे सगळं हो. डोळे, कान, सगळंच."

म्हणजे घरातूनही सामील. मला कागदावर म्हातारा ठरवायचा, मग हळूच म्हणायचं, बाबा, आता आराम करा, किल्ल्या इकडे द्या. मी वेळ रद्द करायला लावली. त्यानंतर ही फोनवर लेकीशी बोलत होती, माझ्याकडे पाठ करून. एक शब्द माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाठ करून बोलणं हिला आत्ता सुचलं.

२६ मार्च

आज निकाल लावायचा म्हणून उजव्या फ्लोटच्या सगळ्यात मोठ्या गोलात भोक पाडायला सांगितलं. गोल करवतीने भिंतीचा तुकडा काढायचा आणि डोळ्यांनी बघायचं. चिकटराव म्हणाला, "साहेब, जागा चांगली आहे. हात जोडतो, कापू नका." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पकडला जाणार म्हणून घाबरलाय, असं मी समजलो. करवत मीच चालवली.

तुकडा हातात आला. बाहेरचं कवच, फोम, आतलं कवच, तिन्ही एकजीव. सुरी घालून सोलायचा प्रयत्न केला तर फोम फाटला, पण कवच सुटलं नाही. उत्तम काम. असं काम मीही तरुणपणी केलं असेल नसेल.

मग माझ्या लक्षात आलं, गोल पुन्हा काढताना माझी जागा थोडी चुकली असणार. यांनी पुसापुशी केल्यामुळेच. शेजारी दुसरं भोक पाडायला वळलो तर लेक फ्लोटला पाठ लावून उभी राहिली. तिने आवाज चढवला, तेव्हा तिचा शब्द न शब्द ऐकू आला. "बाबा, चांगल्या बोटीला तुम्ही भोकं पाडताय. आणखी एक पाडलंत तर मी निघून जाईन, आणि मग या बोटीला खरंच कोणी राहणार नाही."

खरंच कोणी राहणार नाही म्हणजे काय? मी मेलोय का?

ठरवलं. तीस तारखेला डॉक्टरीणबाई येतायत. त्यांच्यासमोर दोन्ही फ्लोट नाकारायचे, चिकटरावाला तिथल्या तिथे काढायचं, आणि लेकीला जायचं असेल तर दार उघडं आहे.

३० मार्च

लिहायचं नव्हतं. पण आतापर्यंत सगळं लिहिलं, आता हे गाळलं तर तीही पुसापुशीच होईल.

डॉक्टरीणबाई सकाळी आल्या. मी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. हीसुद्धा आली होती, तिला कोणी बोलावलं ते मला ठाऊक नव्हतं. मी भाषणच ठोकलं. बाई, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून लपवाछपवी नको. हे दोन्ही फ्लोट मी नाकारतोय आणि ज्याने ते बनवले त्याचा आज इथला शेवटचा दिवस. चिकटराव खाली मान घालून उभा होता. बाईंनी विचारलं, खराब म्हणजे नेमकं काय असतं? साधाच प्रश्न होता. मी म्हटलं, सांगत नाही, ऐकवतो.

मास्तर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवला. लेक जवळ आली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. "बाबा, मास्तर नको. प्लीज." मी हात झटकला. चांगल्या बाजूवर नाणं ठोकलं आणि म्हटलं, हे चांगलं. मग खोट्या जागेवर ठोकलं आणि म्हणणार होतो, हे खोटं.

दोन्ही सारखे वाजले.

पुन्हा ठोकलं. हात हलला असेल म्हणून नाणं बोटांत नीट धरून ठोकलं. इकडे बद्द, तिकडे बद्द. एका बद्दमधून दुसरं बद्द वेगळं काढता येईना. मी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, मास्तर बदललाय. माझा मास्तर काढून तुम्ही दुसरा टांगलाय. मी तक्ता उलटा केला. मागे रंगीत खडूने काढलेली तीन पायांची बोट होती, तिच्या शिडावर हसणारा चेहरा. लेकीने लहानपणी काढलेली. मास्तर माझाच होता.

डॉक्टरीणबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "मी वाजवून बघू?" माझ्या हातातून नाणं घेतलं आणि तक्ता सरळ करून कडेपासून ठोकत निघाल्या, जरा वेड्यावाकड्याच. खोट्या जागेवर पोचल्या तशा थांबल्या. मागे आल्या, पुन्हा तिथे ठोकलं. म्हणाल्या, "ही जागा वेगळी आहे ना? इथे आतून सुटल्यासारखं वाजतंय."

क्षणभर वाटलं, यांनाही पढवून आणलंय. मग मी चेहरे बघितले. लेक जमिनीकडे बघत होती. चिकटरावाने तोंड फिरवलं होतं. हिने पदर तोंडाला लावला होता. डॉक्टरीणबाई सोडून कोणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं.

मी स्टुलावर बसलो. किटली. चिमण्या. पिशवीची शीळ. टेबलावरचा फोन. एकेक करून सगळं आठवत गेलं, आणि यातलं एकही कोणी माझ्याविरुद्ध केलेलं नव्हतं.

३१ मार्च

घरी होतो.

२ एप्रिल

आज लेकीला समोर बसवलं आणि म्हटलं, आता सगळं सांग आणि गिळू नकोस.

तिने सांगितलं. मागच्या बोटीपासून. तिच्यावर मी एकही गोल काढला नव्हता आणि मिरवत होतो. त्याच बोटीत तिला सुटलेल्या दोन जागा सापडल्या. तिने आणि चिकटरावाने माझ्या पाठीमागे त्या उघडून दुरुस्त केल्या. तेव्हा मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं म्हणून सगळं चांगलं वाटायचं. या वर्षी आणखी बिघडलं आणि सगळंच खोटं वाटू लागलं. मी गोल काढायचो, दोघं मागून येऊन खरं-खोटं बघायचे, जी जागा चांगली ती पुसून टाकायचे. निळी फुली मात्र खरी होती. दोन्ही फ्लोट मिळून खोबणीजवळची ती एकच जागा सुटलेली होती आणि नेमकी तीच मी पास केली होती.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "कसं सांगणार, बाबा? तुम्हाला बोट काढून घेतली तर चालेल, पण कान काढून घेतले तर तुम्ही जगाल का, हेच आम्हाला कळत नव्हतं." मग रडली. मीही रडलो.

पण रागही आला आणि तो लिहितो. म्हणजे कट होताच. कुजबूज होती, पुसापुशी होती, बायको पाठ करून बोलत होती, सगळं खरं. मला वेड लागलं नव्हतं. दोन वर्षं तीन माणसं मिळून मला फसवत होती, आणि मी त्यांना चोर समजत होतो. मी चिडून हे म्हणालो तेव्हा लेक रडता रडता हसली. म्हणाली, हो बाबा, तुमचा संशय अगदी बरोबर होता, फक्त कारण तेवढं चुकलं.

संध्याकाळी चिकटरावाच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं तेव्हा हाताला रेझिन नव्हतं, त्यामुळे तो कोणी दुसराच वाटला. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून नेले होते, ते वाटेतच विसरलो. म्हटलं, फ्लोटला मी भोक पाडलंय, ते तुझ्याशिवाय कोणाला बुजवता येणार नाही. तो म्हणाला, "उद्या येतो, साहेब. पण करवत माझ्याकडे राहील."

६ एप्रिल

निळ्या फुलीभोवती मी लाल गोल काढला. चिकटरावाने कवच उघडलं. आत फोम कोरडा होता, तळहाताएवढ्या जागेत रेझिन पोचलंच नव्हतं. बीमचा सगळा जोर येतो ती हीच जागा. भर वाऱ्यात पहिली तीच सुटली असती. माझ्या भोकाला ठिगळ लागलं आणि वजन थोडं वाढलं. ते मी आखणीत लिहून टाकलं. कारण विचारलं तर सांगेन.

१५ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांनी बरीच बटणं दाबून घेतली आणि म्हणाले, बारीक, उंच आवाज तुमच्यापर्यंत येतच नाहीत. यंत्र दिलंय. माणसं आता कळतात. तो दुकानदार चोर नव्हता, किटलीला शिट्टी आहे आणि मेली फार कर्कश आहे. यंत्रवाला मात्र दोन्ही कानांना हवं म्हणतो. तो जास्तीचं गळ्यात मारतोय की काय, अशी शंका आहे.

नाण्याचं काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळेना. समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, बोलणं ऐकायला हे यंत्र आहे, तो बारीक फरक परत मिळेल याची खात्री देता येत नाही. मी घरी येऊन करून बघितलं. यंत्र लावून मास्तर वाजवला तर दोन्ही बाजूंना पत्रा वाजतो.

आज सकाळी ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी दाराशी उभा राहून ऐकलं. म्हटलं, पुन्हा सुरू केलंस ते बरं झालं. ही वळली आणि म्हणाली, "मी थांबले कधी होते?"

२४ एप्रिल

बीम बसले, फ्लोट जोडले गेले. तीन अंगांची बोट शेडबाहेर उभी राहिली. पाण्यात सोडण्याआधी एकदा पूर्ण बोट ठोकायची, हाही इथला कायदा. मी खिशातलं नाणं काढून लेकीला दिलं. ती घेईना. म्हटलं, घे, माझ्याकडे आता ते नुसतंच नाणं आहे.

ती पुढे ठोकत निघाली, मी यंत्र काढून तिच्या मागे, हातात लाल पेन्सिल. यंत्र कशाला काढलं, कोण जाणे. निदान जे ऐकू येईल ते माझ्या स्वतःच्या कानांचं असावं. डावा फ्लोट, मधली बोट, उजवा फ्लोट. खोबणीशी ती थांबली, तेव्हा मी पेन्सिल पुढे केलीच. तिने पुन्हा ठोकलं, मान हलवून नाही म्हणाली आणि पुढे सरकली. माझं ठिगळ तिने जरा जास्तच वेळ वाजवलं. चिकटराव लांबून बघत होता.

शेवटच्या टोकाला पोचली तरी एकही गोल काढावा लागला नव्हता. डॉक्टरीणबाई सामान बांधून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लेकीनेही.

मी एकदा बोटीकडे बघितलं, एकदा लेकीकडे. ती लहानपणी टेबलावर बसून डोळे मिटायची, तशीच उभी होती, फक्त डोळे उघडे होते. मला तर टोकापासून टोकापर्यंत सगळी बोट बद्दच ऐकू आली होती.

मी म्हटलं, सोडा पाण्यात.